डावीकडचा पिवळा चौकोन

३ फेब्रुवारी, मंगळवार
अंगझडतीचं नवं मशीन सुरू झालं एकदाचं. काचेची गोल केबिन, आत पिवळ्या रंगात पावलं काढलेली. त्यावर उभं राहायचं, हात डोक्यावर, चोर पकडल्यासारखे. आमच्या टर्मिनलवर दिवसाला चार-पाच हेलिकॉप्टरं नि छोटी विमानं, त्यात मोजकी माणसं, आणि त्यांच्यासाठी हे एवढं धूड. नाईकसाहेब आमचे शिफ्ट इन्चार्ज. ते म्हणाले, इथे नीट चाललं तर बाकीच्या छोट्या विमानतळांवर हेच बसवणार. म्हणजे आधी प्रयोग आमच्यावर.

पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने सगळं समजावलं. फोटो निघत नाही, कुणाचं अंग दिसत नाही. स्क्रीनवर एक बाहुली येते, सगळ्यांची एकसारखी. अंगावर काही जास्तीचं असेल तर तिथे पिवळा चौकोन. नसेल तर स्क्रीन हिरवी. आमच्या पाळीतला प्रवीण स्क्रीनवर बसणार. पुरुषाला निळं बटण, बाईला गुलाबी.

रोज सकाळी प्रवासी यायच्या आधी चाचणी. एक पुरुष, एक बाई, खिसे रिकामे. पुरुष कुणीही चालेल. बाई म्हणजे मी. सकाळच्या पाळीत दुसरी बाई नाहीच. नाईकसाहेब कंत्राटदार कंपनीकडे दुसरी बाई मागून मागून थकले.

ते आत गेले. हिरवं. मी गेले. पिवळा चौकोन, छातीवर, डावीकडे.

प्रवीण म्हणाला, ताई, पेन राहिलं का? खिसा उलटा करून दाखवला. परत गेले. पिवळा. नावाची पट्टी काढली. परत पिवळा. इंजिनिअर म्हणाला, नवीन मशीन आहे, सेट व्हायला वेळ लागेल.

मशीन सेट आहे. मला तिथल्या तिथे कळलं.

४ फेब्रु., बुध
काल लिहायचं टाळलं. वही माझी, कपाटाला कुलूप माझं, तरी हात अडतो.

दोन वर्षांपूर्वी डावी बाजू काढली. कंपनीला सांगितलं गाठ होती, साधी. त्या जागी घालायला सिलिकॉनची मिळते ती महाग, आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटते म्हणे. सासूबाईंनी घरी शिवली, जुन्या मऊ धोतराची पिशवी. मी तांदूळ भरायला निघाले होते. त्या म्हणाल्या, "तांदूळ नको, किडे पडतले. मोहरी भर, वजनाक बरी." मोहरी खरंच बरी. हलते, बसते, खाली वाकलं की आपोआप जागेवर येते. घाटकोपरच्या वाण्याला वाटतं आमच्याकडे लोणच्याचा कारखाना आहे.

दोन वर्षं निभावलं, कारण जुन्या, धातू शोधणाऱ्या चौकटीला मोहरी दिसत नाही, आणि माझी झडती घ्यायला दुसरी बाई नाही. सगळ्यांना तपासणारी मी, मला तपासणारं कुणी नाही. याच भरवशावर होते.

आज पिशवीऐवजी कापूस घालून गेले. पिवळा.

संजयला सांगितलं. नवरा म्हणून त्याने फार विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, मग चाचणीपुरती काढ ना. काढ म्हणे. युनिफॉर्मचा शर्ट घालून एकदा तरी उभा राहा म्हणावं. घातली तर मशीनला दिसते, काढली तर माणसांना दिसतं. जायचं कुठे.

६ फेब्रु., शुक्र
चौथा दिवस, चौथा चौकोन. गंमत अशी की छाती हा शब्द कुणी उच्चारत नाही. प्रवीण म्हणतो "तिकडे वरती". नाईकसाहेब म्हणतात "तांत्रिक". इंजिनिअर फोनवर "अप्पर लेफ्ट". आठ पुरुष आणि एक चौकोन, आणि सगळे त्याच्या आजूबाजूने चालतात.

प्रवीण बिचारा माझ्याकडे बघतच नाही. चांगल्या घरचा मुलगा आहे, मालाडहून येतो, लग्न ठरलंय. "ताई, सॉरी हां, परत एकदा" म्हणताना त्याचे कान लाल. माझेही होत असतील.

खरं सांगून टाकावं असं एकदा वाटलं. मग सुनीता आठवली. संध्याकाळच्या पाळीतली. मणक्याचं दुखणं नाईकसाहेबांना विश्वासाने बोलली, ते त्यांनी चांगल्या मनाने कंपनीला कळवलं, हलकं काम द्या म्हणून. कंपनीने फिटनेस मागितला. पुढच्या महिन्यात सुनीता नव्हती. ओरडाआरडा नाही, काही नाही. कंत्राटात काढत नाहीत, परत घेत नाहीत.

आणि नोकरीचं सोडा. मला नकोय त्यांनी माझ्याकडे तसं बघायला. बस्स.

१० फेब्रु., मंगळ
आज वाट लागली. पण माझ्या बाजूने.

एक लग्नाचं वऱ्हाड विमान ठरवून निघालं होतं. बायका सगळ्या साड्यांत, पहाटे पार्लरमधून निघालेल्या. पदर डाव्या खांद्यावर, घड्यांवर घड्या, प्रत्येकीला पिना. एकामागून एक पिवळा, पिवळा, पिवळा. सगळ्यांचा डावीकडे वरती.

प्रवीण खुर्चीतून उठलाच. म्हणाला, साहेब, ताईंचं तेच, यांचं तेच, पुरुषांचं कुणाचंच नाही. गुलाबी बटणातच लोचा आहे! नाईकसाहेबांनी मान हलवली. मशीन बायकांच्या डाव्या बाजूला खराब आहे, असं ठरलं.

पदराचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. घरात आई, बायको, बहीण, सगळ्या साडी नेसतात, पदर कुठल्या खांद्यावर घेतात हे एकानेही पाहिलेलं नसावं. माझ्या डोक्यात आलं. मी गप्प बसले.

सगळ्यांना पडद्यामागे नेऊन तपासलं. पडदा फाटका होता, मधे फट राहायची. मागेच मी घरून कपड्यांचा चिमटा आणून लावलाय. आत आलेल्या बाईला मी आधी सांगते, आता इथे हात लावणार, आता इथे. हा माझा नियम, कुणी शिकवलेला नाही. पडद्यामागे काय काय बघितलंय. टाके, डायपर, कमरेला बांधलेले ताईत, नवऱ्याने मारल्याचे वळ. एकीचंही बाहेर बोलले नाही, संजयलाही नाही. तेवढी एक गोष्ट मी चोख केली आहे असं मला वाटायचं.

१३ फेब्रु., शुक्र
तोंडी हुकूम आला. इंजिनिअर येऊन दुरुस्त करेपर्यंत बायकांचा डावा चौकोन धरायचा नाही. बाकी कुठेही आला तर तपासा, डावा आला तर सोडा. वऱ्हाडातल्या कुणीतरी तक्रार केली होती, पडद्यामागे का नेलं म्हणून. नाईकसाहेब मला म्हणाले, "रेखाताई, तुमचाही त्रास वाचला."

वाचला खरा. आता माझा पिवळा चौकोन आला की प्रवीण न बघताच "ओके" म्हणतो. दहा दिवसांत पहिल्यांदा डबा पोटभर खाल्ला.

१७ फेब्रु., मंगळ
हे नीट लिहायला हवं.

नऊच्या हेलिकॉप्टरला एक बाई. पन्नाशीच्या असतील, चेंबूरहून आल्या असं मुलाशी बोलताना कळलं. सैल सुती कुर्ता. मशीनमध्ये उभ्या राहिल्या. डावा चौकोन. एकच.

त्या बाहेर येऊन स्वतःहून पडद्याकडे वळल्या. कुणी सांगायच्या आधी. उजव्या हाताने कुर्ता डावीकडून हळूच खाली ओढला. ती ओढ मला पाठ आहे. पिशवी वर सरकते ना, दिवसभर मी तेच करते.

मागून प्रवीण म्हणाला, डावा आहे ताई, सोडा.

मी म्हटलं, "जा तुम्ही. झालं."
"आत नाही यायचं?"
"नाही."
त्या हलेनात. मग अगदी हळू म्हणाल्या, "सगळीकडे आत नेतात हो. मी मनाची तयारी करूनच घरातून निघते."

आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. क्षणभरच. मुलगा पुढून हाक मारत होता, गेल्या.

दिवसभर असं बरं वाटत होतं की काय सांगू. माझ्या खोटेपणातून कुणाचं तरी भलं झालं. सासूबाईंसाठी येताना खाजा घेतला.

१८ फेब्रु., बुध
कालचं बरं वाटणं टिकलं नाही. एकच विचार घुमतोय. मला त्या बाईची खात्री कशी? कुर्ता ओढला म्हणून? उद्या कुणी तसाच कुर्ता ओढेल आणि आत भलतंच असेल. मी तर हातसुद्धा लावला नाही.

२० फेब्रु., शुक्र
आज सगळे हसले. मी सोडून.

एक आजी, नऊवारी, नातसुनेबरोबर देवदर्शनाला निघालेल्या. डावा चौकोन, सोडल्या. आत बसायच्या जागेपर्यंत पोहोचल्या आणि त्यांच्या पोलक्यात मोबाइल वाजायला लागला. भजनाची रिंगटोन. आजींनी निवांत हात घालून काढला, "हां, बोल रे" म्हणाल्या. बटवाही तिथेच होता.

प्रवीण हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी. नाईकसाहेबही हसले. मला घाम फुटला. बायका पिढ्यानपिढ्या जे काही जपायचं ते डावीकडेच ठेवतात, आणि आम्ही नेमकी तीच जागा बघायची सोडून दिली आहे. माझ्यामुळे. आज मोबाइल होता.

२४ फेब्रु., मंगळ
इंजिनिअर पुढच्या मंगळवारी येतोय. नाईकसाहेब खूश. नवीन सेटिंग टाकणार, म्हणजे बायकांना डावीकडे चौकोन येणारच नाही. आणि इथे पास झालं की तेच सेटिंग पुढच्या सगळ्या मशिनींत, जिथे जिथे जातील तिथे.

मी विचारलं, साहेब, जरा थांबून बघायचं का? म्हणाले, किती थांबायचं, तुमच्यावरच तर रोज दिसतंय. इंजिनिअरने खास सांगितलंय, त्या दिवशी ताईंना सुटी देऊ नका. दोष जिच्यावर दिसतो तीच हवी.

आता माझी मोहरी गावोगावच्या विमानतळांवर जाणार. हसू येईना, रडू येईना.

साहेबांना खरं सांगून टाकते म्हटलं, तर संजयशी कडाक्याचं वाजलं. तो म्हणतो, तू झेंडा घेतलायस का देशाचा? इंजिनिअर पगार कशाचा घेतो? मुलीची फी कोण भरणार? सगळं खरं. मी म्हटलं, तू कधी बसलास त्या विमानात? म्हणाला, आपण कुठले बसतोय, म्हणून तर म्हणतो. त्याचा राग नाही आला. घाबरलाय तो, माझ्याइतकाच. ऑपरेशनच्या वेळी बाहेरच्या बाकावर एकटा बसून होता, ते मी विसरलेले नाही.

२६ फेब्रु., गुरु
नाईकसाहेबांच्या केबिनपर्यंत गेले. ते फोनवर होते, कंपनीशी, परत दुसऱ्या बाईसाठी भांडत. माझ्यासाठीच भांडत होते, एकटीवर किती ताण म्हणून. हाताने बसा म्हणाले. पाणी पुढे केलं.

फोन ठेवून विचारलं, काय म्हणता रेखाताई?

म्हटलं, पडद्याचा चिमटा तुटलाय.

म्हणाले, देतो आणून.

१ मार्च, रवि
सुटी. सासूबाई पिशवीची शिवण बघत होत्या, एका कोपऱ्यात उसवलीय. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घरोघरची शिवणं करून संजयला वाढवलं, टाका अजून बारीक येतो. विचारलं नव्हतं, तरी बोलल्या.

"त्या मशीनीक सगळे खोटा म्हणतत, आणि तू गप ऱ्हवतंस?"

म्हणजे भांडण ऐकलं होतं. मी म्हटलं, आई, तुम्हाला नाही कळायचं, आठ पुरुष आहेत तिथे. त्या दोरा दाताने तोडत म्हणाल्या, "माझ्या हातची शिवण आसा ती. तुका लाज कित्याक?"

मला खूप राग आला. स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. लाज कशाला म्हणे. ह्यांना काय जातंय. मग त्याच भांड्यांत हात असताना रडले. लाज वाटते, हे खरं आहे. आजाराची नाही. रिकाम्या जागेची.

३ मार्च, मंगळ
इंजिनिअर सकाळीच आला, लॅपटॉप जोडून बसला. मला उभं केलं. हात वर. पिवळा. "बघा," तो नाईकसाहेबांना म्हणाला, मुलाने बरोबर उत्तर दिल्यावर मास्तर खूश होतात तसा. आता बदलतो म्हणाला.

मी म्हटलं, एक मिनिट थांबा, अजून एकदा घ्या.

पडद्यामागे गेले. नवा चिमटा लावला. पिशवी काढली. अंगाच्या उबेने गरम होती. परत आले ती हातात ट्रे घेऊन, त्यात पिशवी, आणि ट्रे पट्ट्यावर ठेवला, प्रवासी ठेवतात तसा. शर्ट डावीकडे सपाट. मी कुणाकडे बघितलं नाही. पावलांवर पाय ठेवले, हात वर केले. हात वर केल्यावर तर अजूनच दिसतं.

हिरवं.

इंजिनिअर म्हणाला, अरे, आता का नाही आला? प्रवीणने स्क्रीन बघितली, मला बघितलं, परत स्क्रीन. तेवढ्यात ट्रे एक्स-रेखालून बाहेर आला आणि नाईकसाहेबांनी निव्वळ सवयीने विचारलं, "हे कुणाचंय?"

मी रोज पन्नास वेळा विचारते हा प्रश्न.

म्हटलं, "माझं. मोहरी आहे. सासूबाईंनी शिवलीय. मला कॅन्सर झाला होता, डावा स्तन काढला. मशीन पहिल्या दिवसापासून बरोबर आहे."

हे सगळं बोलताना माझे हात वरच होते. खाली घ्यायचं लक्षातच आलं नाही.

इंजिनिअरने लॅपटॉप मिटला. त्या वऱ्हाडाचं काय मग, असं पुटपुटला. मी म्हटलं, पदर. पदर डाव्या खांद्यावर असतो. त्याने कपाळाला हात लावला. प्रवीणने ट्रे उचलून आणून दिला, दोन्ही हातांनी, मान खाली. "ताई," एवढंच म्हणाला.

डावा चौकोन आजपासून धरायचा. हुकूम रद्द.

जाताना नाईकसाहेब म्हणाले, "मशीनला क्लीन चिट द्यायची तर कारण लिहावं लागेल, रेखाताई. कंपनीला कळेल. शब्द मी नीट वापरीन."

सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. सोलल्यासारखं वाटतंय. घरी सांगितलं. संजय जेवला नाही. सासूबाईंनी मला वाढलं.

४ मार्च, बुध
सगळे फार चांगले वागतायत. चहा आणून देतात. खुर्ची पुढे करतात. कुणीच डोळ्यांत बघत नाही. कालपर्यंत चौकोनाच्या आजूबाजूने चालायचे, आता माझ्या.

सकाळच्या चाचणीला मी पिशवी ट्रेमध्ये ठेवून गेले. हिरवं. प्रवीण छताकडे बघत बसला होता. उद्याही असंच, परवाही.

६ मार्च, शुक्र
चेंबूरच्या बाई परत आल्या. मला लांबूनच बघून हसल्या, ओळखीचं. निर्धास्तपणे मशीनमध्ये गेल्या. आज मनाची तयारी केलेली नव्हती, चेहऱ्यावर दिसत होतं.

डावा चौकोन. त्या तशाच सरळ पुढे निघाल्या. मला हाक मारावी लागली.

"आज आत यावं लागेल."

चेहरा पार उतरला. तशाच पडद्यामागे आल्या. मी चिमटा लावला. आता इथे हात लावणार, म्हटलं. त्या भिंतीकडे बघत उभ्या. हाताला लागली ती सिलिकॉनची होती, विकतची. तेवढंच होतं, बाकी काही नाही. मला वाटलं होतं तेच. पण हात लावेपर्यंत मला माहीत नव्हतं, हेही खरं.

म्हटलं, "माझीपण डावीच."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. नीट, युनिफॉर्मच्या आत बघावं तसं. "तुमची कसली?"

"मोहरीची."

हसल्या. मग हसता हसता डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "तरी आत नेलंतच ना मला." रागाने नाही. पण म्हणाल्या.

चिमटा काढला, त्या गेल्या.

दुपारी नाईकसाहेबांनी बोलावलं. कंपनीचा फोन येऊन गेला होता. इतके महिने मागत होतो ती दुसरी बाई मंजूर झाली, सोमवारपासून येतेय, असं ते म्हणाले. माझ्या जोडीला येतेय की माझ्या जागी, ते मी विचारलं. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, तेवढं त्यांनी सांगितलं नाही.